एर्मेलिंदाच्या लेकीचा उन्हाळा

एल कोंचालच्या खाडीवर विद्यापीठाचं एक केंद्र आहे. केंद्र आपलं म्हणायला; दोन लांबट खोल्या, एक प्रयोगशाळा, मागे होड्यांचा धक्का आणि धक्क्याला लागून स्वयंपाकघर. वर्षातले बहुतेक महिने तिथे चिलटांचंच राज्य. पण कॉलेजांना मोठी सुट्टी लागली की तेपिककडून येणाऱ्या बसमधून पाठीवर बोजे घेतलेली पोरं उतरू लागतात. कुणी लिओनची, कुणी मोरेलियाची, कुणी पार मेरिदाची. विज्ञान नाहीतर इंजिनिअरिंग शिकणारी, अजून पदवीही न झालेली, सुट्टीत एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला निवडून आलेली. कुणी खारफुटीची रोपं मोजतं, कुणी कालवांच्या पोटात काय काय साठलंय ते तपासतं, एखादा इंजिनिअर पोरगा पाण्याचा खारटपणा मोजणारं यंत्र बनवतो आणि ते पहिल्याच भरतीत वाहून जातं. सुट्टी सरत आली की सगळी आपापल्या कामाचे मोठाले तक्ते भिंतीवर लावून बोलतात, एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि जातात. गावात त्यांना 'उन्हाळी पोरं' म्हणतात.

या पोरांना जेवू घालायचं काम एर्मेलिंदाचं. बाई ठेंगणी, आडव्या बांध्याची, आवाज मात्र धक्क्याच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा. नवरा चानो खाडीत बुड्या मारून कालवं काढायचा. तो जितका कमी बोलायचा तितकं ही भरून काढायची. पोरं तिला आदराने 'दोन्या एर्मे', म्हणजे एर्मेबाई, म्हणत. पहिल्या दिवशी कुणीतरी हातापायांवर लाल गांध्या घेऊन स्वयंपाकघरात यायचंच.

"दोन्या एर्मे, बघा ना, चिलटांनी फोडून काढलंय मला!"

"तुला कुणी सांगितलं होतं एवढं अत्तर थापून यायला? त्यांना वाटलं लग्नाचं जेवण आलं. ये इकडे, लिंबू चोळते."

केंद्रातला फोन स्वयंपाकघरातच होता. मोबाइलला तिथे रेंज मिळायची नाही, त्यामुळे घरोघरच्या आया त्याच फोनवर यायच्या. एर्मे एका हाताने तव्यावरच्या मक्याच्या तोर्तिया उलटत दुसऱ्या हाताने फोन धरायची. "अहो बाई, जेवतेय तुमची लेक. कालच्या माशाचं डोकंसुद्धा सोडलं नाही तिनं. हो, हो, मच्छरदाणी आहे. रडू नका हो. जाऊ द्यायचं असतं पोरांना. येतात परत, कुठं जातात!"

असं तिनं कितीतरी आयांना समजावलं होतं. त्यातलीच एक उरुआपानची. तिची मुलगी मारिसेला एका उन्हाळ्यात केंद्रावर आली, खारफुटीच्या चिखलात रमली, पुढे त्याच विषयात शिकत गेली, आणि शिकता शिकता हॉलंडला पोचली. तिकडेच लग्न केलं, तिकडेच मूल झालं. तिची आई दर नाताळात एर्मेला फोन करायची. भांडायला नाही. हवापाणी विचारायची, चानोच्या पाठीचं विचारायची, आणि फोन ठेवताना एवढंच म्हणायची, "तुम्ही म्हणाला होतात, परत येते म्हणून." एर्मे फोन ठेवायची आणि दिवसभर उगाच कुणावर तरी खेकसायची.

एर्मेला एकच मुलगी, युरिदिया. ती त्याच स्वयंपाकघरात, टेबलाखाली रांगत मोठी झाली. उन्हाळी पोरांनी तिला सूक्ष्मदर्शकातून कालवाचं पिल्लू दाखवलं तेव्हा तिचा डोळा तिथवर पोचत नव्हता. कुणीतरी पिठाच्या डब्यावर उभं केलं होतं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. शाळेत हुशार निघाली, तेपिकला तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात जीवरसायन इंजिनिअरिंगला गेली. शनिवारी घरी यायची. तेपिक काही लांब नव्हतं. एर्मेला ते चालत होतं.

मग युरी तिसऱ्या वर्षाला असताना बारोन बाईंनी मध्ये तोंड घातलं. इमेल्दा बारोन या केंद्राच्या प्रमुख, उंच, सडपातळ, कायम गमबूट घालून फिरणाऱ्या. त्या युरीला म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजातली पोरं माझ्याकडे येतात, मग तू दुसरीकडे का जात नाहीस? पार उत्तरेला, एन्सेनादाला, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कालवांचं बी, म्हणजे लावणीसाठी पिल्लं, तयार करतात. अर्ज कर. मी शिफारस देते."

युरीने अर्ज केला आणि तिची निवड झाली. ती बातमी घेऊन ती पळतच स्वयंपाकघरात आली तेव्हा एर्मे मासा खवलत होती.

"अमा! मिळालं! एन्सेनादा! सगळा उन्हाळा!"

"छान झालं," एर्मे म्हणाली आणि खवलत राहिली.

"अगं, नुसतं छान काय? देशभरातनं पोरांनी अर्ज केले होते. प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी नळाला येतं म्हणे! आणि बारोन बाई म्हणतात, काम चांगलं झालं तर ते लोक पुढच्या शिक्षणालासुद्धा ठेवून घेतात."

"ठेवून घेतात?"

"म्हणजे विचारतात गं."

एर्मेने मासा उलटा केला. त्या बाजूचे खवले केव्हाच निघाले होते, तरी ती खरवडतच राहिली.

चानोला मात्र किती आनंद झाला! तो सान ब्लासला जाऊन चाकांची बॅग घेऊन आला. गावच्या वाळूत चाकं फिरेनात, तेव्हा बॅग डोक्यावर घेऊन घरी आला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटला, "लेक चालली एन्सेनादाला. शास्त्रज्ञ लोकांनी बोलावलंय." एर्मेच्या बहिणीने, ओतिलियाने, जाड स्वेटर विणून आणला, कारण तिकडे उन्हाळ्यातही गार वारा सुटतो असं तिला कुणी सांगितलं होतं. सगळं घर बॅगेभोवती फिरत होतं.

एर्मेला साखरेचा आजार होता. गोळ्या घेत राहिलं, गोडाधोडावर हात राखला की तिला काही व्हायचं नाही. बॅग घरात आली त्या दिवसापासून तिने गोळ्या घेणं बंद केलं. सकाळी पाण्याचा घोट घ्यायची आणि गोळी एप्रनच्या खिशात टाकायची. कॉफीत गुळाचा खडा दोनदा बुडवायची. दुपारी सगळे पांगले की कोलाची बाटली काढून उभ्या उभ्या संपवायची. तिच्या मनात फार मोठं काही नव्हतं. थोडी चक्कर यावी, चार दिवस अंथरुणाला खिळावं, युरीचा पाय जरा अडखळावा, इतकंच. पोरगी पुढच्या वर्षी जाईल की. पुढच्या वर्षी आपल्या मनाची तयारी झालेली असेल.

पण अंगात साखर चढली ती तिला विचारून चढली नाही. आधी तहान लागत राहिली, मग उलट्या सुरू झाल्या, आणि युरीची बस उद्यावर आलेली असताना एर्मे केंद्राच्या स्वयंपाकघरात शेगडीसमोर कोसळली. सान ब्लासच्या दवाखान्यातून तिला तेपिकच्या इस्पितळात हलवलं. तिथले डॉक्टर चानोला म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्हाला काही करता आलं नसतं.

शुद्धीवर आल्यावर एर्मेने डोळे किलकिले केले. युरी पलंगाला टेकून बसली होती. दाराशी बारोन बाई उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणत होत्या, "तुझी मावशी राहील ना जवळ? मी आहे, तुझे वडील आहेत. दोन-तीन दिवस उशिरा पोचलीस तरी चालेल असं मी तिकडे बोलते."

"नको बाई."

"युरिदिया, ऐक. तुझी आई बरी होतेय."

"मी जाणार म्हणून नाचत होते, बाई. इकडे तिला काय होतंय याकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं. कशी जाऊ?"

एर्मे जागी होती. तिला सगळं ऐकू येत होतं. 'जा' एवढं एक अक्षर तिच्या जिभेवर होतं. ते बोलायला ताकद लागली असती अशातला भाग नव्हता. तिने डोळे मिटून घेतले.

गोळ्यांचं तिने पुढे मनाशी काहीतरी समर्थन शोधलं. घाबरले होते, अक्कल गहाण पडली होती, इतकं होईल असं वाटलं नव्हतं. त्या मिटलेल्या डोळ्यांना मात्र तिला कधीच काही सबब सापडली नाही.

एन्सेनादाची जागा पुएब्लाच्या कुणा मुलाला गेली. युरीने बॅग कपाटावर टाकली आणि एर्मेचा एप्रन कमरेला बांधला, कारण उन्हाळी पोरं तर आली होती आणि कुणीतरी त्यांना जेवू घालायला हवंच होतं. तिच्याच वयाची पोरं. पाणी वाढताना एकीने सहज विचारलं, "तू शिकतेस का गं?" युरीने कॉलेजचं नाव सांगितलं. "मग उन्हाळ्याला कुठे नाही गेलीस?" "यंदा नाही जमलं," युरी म्हणाली आणि पाण्याचं भांडं घेऊन आत आली.

शेवटच्या दिवशी पोरांनी तक्ते लावले. एर्मे तोवर हिंडूफिरू लागली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला दिसत होतं. युरी उष्ट्या बश्यांचा ढीग घेऊन दाराबाहेर थांबली होती. आत कालवांवर बोलणारा मुलगा मध्येच एका शब्दाला अडला. बाहेर युरीचे ओठ हलले. आवाज नाही केला तिने. मुलाला शब्द सापडला, तो पुढे बोलू लागला, आणि युरी बश्या घेऊन नळाकडे गेली.

पुढच्या वर्षी बारोन बाईंनी पुन्हा विचारलं. युरी नाही म्हणाली. "अमाला एकटं टाकून नाही जायचं मला." नंतर ती पदवीधर झाली, आणि पदवी झाल्यावर हे उन्हाळे काही कुणाला मिळत नाहीत. मासात्लानला कोळंबी पेट्यांत भरणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली. आलेल्या मालाचे नमुने तपासायचे, बरा-वाईट शिक्का मारायचा. काम ठीक होतं. एक आड एक रविवारी ती घरी यायची, येताना आईच्या गोळ्या आणायची, डबीत नीट भरून ठेवायची. एर्मोसियो शहरातला एक चांगला मुलगा तिच्या मागे होता. त्याची बदली उत्तरेला झाली तेव्हा तिने त्याला नकार दिला. कारखान्याने मोठ्या जागेसाठी समुद्रापलीकडच्या ला पास शहरात जायचं विचारलं, तेही तिने टाळलं.

आणि खरं सांगायचं तर एर्मेला आधी आधी हे सुख वाटलं. शेजारणींना ती सांगायची, "बघा, माझी पोरगी! हॉलंडला नाही गेली." पोरीच्या चेहऱ्यावरची चमक कुठे गेली ते तिला दिसत होतं, पण ते कामाच्या शिणाने असेल असं ती स्वतःला सांगायची.

बारोन बाई निवृत्त झाल्या तेव्हा केंद्रात जेवण झालं. निखाऱ्यांवर मासे भाजले, एर्मेने मक्याच्या पिठात कोळंबी भरून, पानात वाफवून तमाल केले. बाई चार शब्द बोलायला उठल्या. इतकी वर्षं, इतकी पोरं, असं सगळं म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्यात चांगली विद्यार्थिनी मला या स्वयंपाकघरात मिळाली होती. तिच्या नशिबात तो उन्हाळा नव्हता. आईच्या आजारपणापुढे कुणाचं काय चालतं?" लोकांनी वळून युरीकडे पाहिलं. युरी हसली, आणि वाकून खाली पडलेला कागदी रुमाल उचलत बसली.

भांडी घासताना बाई मदतीला आल्या, तेव्हा एर्मेच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. गोळ्या, गूळ, कोला, मिटलेले डोळे. बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"हे तू मला कशाला सांगतेस, एर्मे?"

"मग कुणाला सांगू? तिला सांगू?"

बाईंनी पातेलं कोरडं करून फळीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "सांगायचं असेल तर आधी एक बघ. तिच्यासाठी सांगणार आहेस, की तुझ्या छातीवरचा दगड उतरावा म्हणून? तुझा दगड उतरवून तिच्या डोक्यावर ठेवणार असशील तर गप्प बस."

एर्मे गप्प बसली. घरी आल्यावर तिने चानोला तेवढं सांगितलं. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "उलट्या होडीखाली कोलाच्या बाटल्या सापडल्या होत्या मला. तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? बॅग आणली मी, गावभर मिरवली मी. आणि ती नाही गेली तेव्हा मला बरं वाटलं, एर्मे. तुझ्याइतकंच."

पुढच्या पावसाळ्यात कारखान्याने युरीला पुन्हा विचारलं. ला पासला प्रयोगशाळा उभी करायची होती, तिलाच प्रमुख करणार होते. ती रविवारी घरी आली, मायलेकी मागच्या पडवीत कोळंबी सोलत बसल्या, आणि युरीने बोलता बोलता सांगून टाकलं की नाही म्हणून कळवतेय.

"का गं? जा की," एर्मे म्हणाली. त्या शब्दाला किती वर्षं लागली!

"तुला सोडून? नको बाई. मागच्या वेळी जायला निघाले तर काय झालं ते विसरलीस? अजून कुठं लांब जायचा विषय निघाला की तेच डोळ्यांपुढे येतं. वाटतं, मी आनंदात बॅग भरतेय आणि इकडे तू शेगडीपाशी पडलीयस. मला जमणारच नाही, अमा. काही माणसांना नसतं जमत."

एर्मेने हातातली कोळंबी न सोलताच बाजूला ठेवली. आपण पोरीचा एक उन्हाळा घेतला असं तिला आजवर वाटत होतं. पोरगी त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात ती शेगडी बघत होती.

"युरी, मी आपणहून पडले होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिने सांगितलं. काही गाळलं नाही, रडून गोष्ट पातळ केली नाही. इस्पितळातलं डोळे मिटणंही सांगितलं.

युरी ऐकताना सोलतच होती. शेवटी तिने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "मला वाटत होतं माझ्या आनंदाने तू आजारी पडलीस."

"नाही गं पोरी."

"थांब. बोलू नको. इतकी वर्षं मी खूश व्हायला घाबरतेय, अमा. तो मुलगा मला आवडत होता. तुला माहीत होतं का? आवडत होता तो मला." तिचा आवाज चढला. "आणि तू बघत होतीस. दर रविवारी तू माझ्याकडे बघत होतीस आणि मला वाढत होतीस!"

एर्मेने हात पुढे केला. युरी उठली, चपला घातल्या आणि वाटेत उभ्या असलेल्या चानोचा निरोप न घेता बसच्या थांब्याकडे निघून गेली.

ती ला पासला गेली. जाण्याआधी घरी आली नाही. पुष्कळ दिवस फोनही आला नाही. मग यायला लागला तो बापाला. चानो बोलून झाल्यावर फोन एर्मेपुढे धरायचा. "कशी आहेस?" "बरी आहे." "जेवतेस ना?" "हो." इतकंच व्हायचं. ज्या बाईने देशभरच्या आयांशी तासन्‌तास गप्पा मारल्या, तिला आपल्या लेकीशी दुसरं वाक्य सुचायचं नाही.

केंद्रावरचं काम तिने सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, आणि गुडघे दुखतही होते. नवीन बाई आली ती पोरांना डबाबंद कालवं खायला घालते असं कळलं, तेव्हा एर्मेने दिवसभर तिला नावं ठेवली. पण परत गेली नाही.

दोन वर्षांनी युरीनेच बोलावलं. एर्मे मासात्लानहून बोटीने समुद्र ओलांडून गेली. जन्मभर खाडीवर राहून इतकं मोठं पाणी तिने प्रथमच ओलांडलं. युरीचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. युरीने तिला स्वतःचा पलंग दिला आणि आपण सोफ्यावर झोपली. प्रयोगशाळाही दाखवली. पांढरा डगला घातलेल्या पोरींना म्हणाली, "ही माझी आई," आणि पोरींनी वाकून दोन्ही गालांचे मुके घेतले. एर्मेला काचेच्या नळ्यांतलं काही कळलं नाही, पण ती प्रत्येक नळीपुढे उभी राहिली.

संध्याकाळी दोघी समुद्राकाठच्या बाकावर बसल्या. आजूबाजूला लोक पोरंबाळं घेऊन फिरत होते.

"तू त्या उन्हाळ्यात गेली असतीस तर आज..." एर्मेने सुरुवात केली.

"नको, अमा." युरीच्या आवाजात राग नव्हता. "मी गेले असते आणि मला ते आवडलंही नसतं कदाचित. गार वाऱ्याने कंटाळून परत आले असते. किंवा मोठी शास्त्रज्ञ झाले असते. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. मला राग येतो तो त्याचाच येतो. बाकीच्याचा गेला बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक."

युरीने तिच्यासाठी कणीस आणलं. एर्मेने ते सावकाश खाल्लं. काही विचारावं, काही मागावं असं तिला फार वाटत होतं; तिने मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर युरीने तिला बोटीपर्यंत पोचवलं. वारा लागू नये म्हणून आतली जागा काढून दिली होती. मिठी मारली, पण घाईची, कारण तिला कामावर जायचं होतं. एर्मे आत जाऊन बसली. शेजारी कुणी तरुण मुलगी खांद्याला बॅग अडकवून आईशी फोनवर भांडत होती. "अगं हो, पोचल्यावर करते ना फोन!" एर्मेने तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून काचेतून धक्का शोधला. युरीची निळी गाडी वळणाशी दिसली आणि इतर गाड्यांत मिसळली.